टॉवेलचं माप

मंगळवार बाजारातून कपाट आणलं, नऊशेला.
टेप नव्हती. नरसव्वानं
कारखान्यातला टॉवेल जमिनीवर पसरला:
भिंत दीड टॉवेल,
कपाट अर्ध्याहून चार बोटं जास्त.

खाट विटांवर चढली.
खाली विड्यांचं सूप, पानांचं पोतं, पोराची सायकल आडवी.
खाट अशी. नको, तशी.
रात्री अकराला यल्लप्पानं विचारलं,
"आता मी कुठं उभा राहू?"

कपाट बसलं.
दार मात्र खाटेला अडून अर्धंच उघडतं,
हात घालून चाचपायचं, हाती येईल ते नेसायचं.

पण त्या अर्ध्या दाराच्या आरशात
नेमकी खिडकी येते,
बंद गिरणीची चिमणी, एक घार.

यल्लप्पा म्हणतो, खाट सरकवतो चार बोटं.
ती म्हणते,
हात लावून बघा.