नखभर

दाणाओळीतल्या आमच्या दुकानात
गुग्गुळ पोत्यातून येई.
तो झाडाला येतो हे मी पुस्तकात वाचलं,
समुद्र खारा असतो हे जसं
ग्वाल्हेरात बसून वाचतात.

भाऊंच्या खतावणीत
एकोणऐंशी सालची अडतीस पोती.
मग बावीस, मग नऊ,
मग नुसती टिंबं, निळ्या शाईची.
भाऊ म्हणत, माल गुजरातेत वळला.
माल कुठंच वळला नव्हता.

यंदा माघात घाटीगावची बस धरली.
पुढे जीप, पुढे पाय.
खैरवायाचा उतार: दगड स्वतःचा, माती उसनी.
रामश्री सहरिया पुढे चालत होती,
हातात कोयता असेल असं वाटलं होतं,
होती चिंध्यांची पिशवी.

झाड म्हणजे काय, कमरेएवढं.
वाकडं, काटेरी, पान एकही नाही,
साल मात्र पापुद्र्यांनी सुटलेली,
ओल लागलेल्या दस्तऐवजासारखी.
एका वठलेल्या खोडापाशी ती थांबली.
"हा घाव माझ्या सासऱ्याचा.
मोरचूद भरून केलेला.
त्या उन्हाळ्यात डिंक तिप्पट आला.
ठेकेदारानं खूश होऊन सायकल दिली."
मग थोडं चालून, मागे न बघता,
"सायकल आहे अजून."

आता समिती आहे, सतरा बायांची.
मनगटाहून बारीक खोडाला हात नाही.
घाव नखभर,
तोही अंगठ्याचं नख लावून, चौघींदेखत.
पतोलीला मापाला ठेवत नाहीत,
तिचं नख फार लांब.
यावर सगळ्या हसल्या, पतोली सोडून.

ज्या झाडाला चिंधी, त्याचा विसावा.
साडीचे काठ होते, शाळेच्या सदऱ्याची बाही,
निवडणुकीच्या फलकाचा एक तुकडा
ज्यावर कुणाचे तरी जोडलेले हात
निम्मेच उरले होते.
हल्कीच्या गजराजनं गेल्या साली
रात्रीतून सात झाडं सोलली.
दंड पैशात घेतला नाही.
चाळीस फांद्या लावायच्या,
पालवी फुटेपर्यंत पाणी घालायचं, नाल्यातून, डोक्यावरून.
अठ्ठावीस जगल्या.
"बारा अजून देणं आहे," हल्की स्वतःच म्हणाली,
आई असून.

मी विचारलं, मला किती मिळेल?
रामश्रीनं उतारावर नजर फिरवली.
ती झाडं मोजत नव्हती, चिंध्या मोजत होती.
"अबकी नईं."
मी भाव सांगितला.
मग वाढवला.
मग आणखी वाढवला, आणि ऐकू आला
माझ्या तोंडातून भाऊंचा आवाज,
तोच खाकरा, तेच "बघा बुवा, तुमची मर्जी."
कुणी काही बोललं नाही.
एकीनं पायातला काटा काढला.

मग रामश्रीनं माझा हात मागितला.
अंगठा उलटसुलट करून पाहिला.
नख बारीक कापलेलं, पुड्या बांधायच्या सवयीनं.
"हे चालेल," ती म्हणाली, "आमच्याहून बरं."
बिनचिंधीच्या एका झाडाशी मला वाकवलं,
ताज्या घावाच्या कडेला नख टेकवलं.
आत काहीतरी गार होतं.
वर, हळूच, मोहरीएवढा थेंब,
दुधासारखा, पिवळा व्हायच्या बेतात.
"पुढच्या माघात ये. मापाला.
माल असला तर असेल."

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं,
कुठल्या देवळातून आलात?

दुसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक आलं.
नाही म्हटलं. कधी येईल?
सांगता येत नाही म्हटलं.
ते समोरच्या दुकानात गेलं.
तिथं मिळतो, कुठून येतो कोण जाणे.

खतावणीत माघ वद्य पंचमीला
मी नवं टिंब काढायला टाक उचलला
आणि नुसताच धरून बसले.
रात्री गल्ला मोजताना
दहाची एक नोट
अंगठ्याला चिकटून राहिली.