रकाना सात

पाणी ओसरलं त्याच्या अकराव्या दिवशी
मॅव्हिस स्लोन माझ्या पायरीवर येऊन बसली,
बुटांत चिखल, मांडीवर मदत कचेरीचा कागद.
म्हणाली, व्हर्लीन, तू दिलेल्या गोधडीची
किंमत लिहून दे. सहीनिशी.
रकाना सात: वस्तू, वय, मूल्य.

मी कॉफी ओतली. साखर ओढ्यानं नेली होती.

ती गोधडी विकायची नव्हतीच कधी.
ऑर्विलच्या छातीत खाणीनं घर केलं
आणि भर जुलैत त्याला हुडहुडी भरू लागली,
तेव्हा मॅव्हिसनं त्याचे कामाचे शर्ट आणून दिले,
नऊ शर्ट, किती धुतले तरी शिवणीत काळी रेघ.
मी ते कापले. खिसे मात्र उसवले नाहीत,
एकाला बटण होतं, तेही राहू दिलं.
त्यात तो पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायचा,
रात्री उबळ आली की चाचपायचा.

आता कर हिशोब.
बियाण्याच्या पाकिटामागं मी पेन्सिल चालवली.
वरचं कापड: शून्य.
अस्तर: चर्चच्या जुन्या बाजारातली चादर, दोन डॉलर.
आतला कापूस अडतीस. दोरा नऊ.
इथवर हात भरभर चालला.
मग तास.

तास मी कधी मोजले नाहीत. टाके मोजले,
इंचाला नऊ, डोळे अधू झाल्यावर सात.
पहिल्या हिमापासून ओढ्यावरचं बर्फ तडकेपर्यंत,
जेवणं आटपल्यावर, रेडिओवरचं हवामान संपेपर्यंत.
धरू तीनशे.
आणि मजुरी? बर्गरच्या दुकानात माझ्या नातवाला
मिळते तीच लावली, तासाला सव्वासात.
बेरीज दोन हजार दोनशे चोवीस.

मॅव्हिस म्हणाली, हसतील गं.
हमरस्त्यावरच्या दुकानात नव्वदला टांगल्यात.
असतील. त्याही कुणाच्या तरी बोटांनीच शिवल्यात,
कुठल्या गावच्या, कोण जाणे,
तिथंही कुणी तास मोजत नसणार.

मला आठवली लेक्सिंग्टनहून आलेली बाई.
जत्रेत माझी निळी गोधडी तिनं उलटून पालटून पाहिली.
किती, विचारलं.
चारशे, म्हणताना माझाच आवाज शेवटी वर गेला,
जणू मीच तिला विचारत होते.
अडीचशेला दिली.
शिवाय घडी घालून तिच्या गाडीपर्यंत पोचवली,
आणि थँक्यू कोण म्हणालं? मी!

कागदावर अजून एक ओळ होती, बारीक: घसारा.
वर्षं अकरा, वापर रोजचा, तेवढं वजा.
हनुवटीखालची किनार तर पार विरली होती,
दोन्ही मुठींत तो ती धरायचा तिथं.
मार्चात गेला, तेव्हाही धरलेलीच.
मॅव्हिसला बोटं एकेक करून सोडवावी लागली.
ते कुठं लिहायचं, तिनं विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

मी लिहिलं दोन हजार दोनशे चोवीस,
आकड्यात आणि अक्षरी.
सही केली, पूर्ण नावाची, लग्नात केली तशी.
घरात घडी घालून ठेवलेल्या एकाही गोधडीसाठी
हा आकडा तोंडातून निघाला नव्हता,
वाहून गेलेलीसाठी निघाला.

चेक आला ऑक्टोबरात, एकशे साठचा.
त्यात तिनं जुनी, दोनच बर्नर पेटणारी शेगडी घेतली,
आणि मला साखर. पाच पौंडांची पिशवी.

थँक्सगिव्हिंगच्या आधी पानं झडली
तेव्हा होबार्टच्या पोराला ओढ्याकाठच्या सिकॅमोरवर,
पार छपराच्या उंचीवर,
एक चिंधी अडकलेली दिसली.
शिडी लावून काढली. हातभर. खिशासकट.
मॅव्हिस ती घेऊन आली, अजून ओलसर,
आणि कुजबुजली, कचेरीला कळवावं लागेल का गं?

मी बटण अंगठ्यानं पुसलं.
टाका ढिला झाला नव्हता.
म्हटलं, रकाना सातात बटण कुठं होतं?