तिसरी गाठ

वार्डोत दर गुरुवारी रात्री आठला आम्ही खेळायला बसतो.
रात्र म्हणायची ती घड्याळापुरती;
सूर्य नोव्हेंबरात गेलाय, जानेवारीत येईल.
मासळी कारखान्यातली जेवणाची खोली, कॉफीचा थर्मास,
वीस बाजूंचा फासा,
आणि मी, जिने या खेळातले डोंगर
रविवारी दुपारी पाठकोऱ्या पावत्यांवर काढले.

नद्या झाल्या, राजाची वंशावळ झाली,
नाण्यांवरचे पक्षीसुद्धा ठरले.
वहीत एकच रकाना रिकामा:
इथले लोक जादूला काय समजतात?

ओडवार म्हणाला, मान देतात, लिही.
त्याच्या मांत्रिकाकडे राजधानीचा परवाना आहे,
गळ्यात पितळी बिल्ला, बोटांवर निळी आग.
सराईत शिरला की लोक बाक पुसून देतात.
सुन्निवा म्हणाली, घाबरतात.
ती सतराची आहे; तिच्या मते सगळेच सगळ्याला घाबरतात.
योगराणी पाळी संपवून आली होती,
कपाभोवती बोटं शेकत म्हणाली,
कधीचं विचारतेस? दिवसाचं की रात्रीचं?

मी तेवढंच लिहून घेतलं. पेन्सिलीने.

मग खाडीकाठचं गाव आलं,
आणि गावाच्या टोकाला ऊना,
जी दोरीला तीन गाठी मारून वारा विकते.
पहिली सोडली की झुळूक,
दुसरी सोडली की शीड भरतं,
तिसरी सोडायची नाही,
हे ती प्रत्येकाला दोनदा सांगते.
किंमत एक मासा, नाहीतर चुलीपुरतं सरपण.
नावाडी अंधार पडल्यावर मागच्या दाराने येतात.
दिवसा प्रार्थनाघराच्या पायरीवर तीच समोर आली
तर त्यांच्या बुटात नेमका खडा जातो,
आणि ती निघून जाईपर्यंत सापडत नाही.

एका होडीने तिसरी सोडली.
सात माणसं.
सकाळी ऊनाच्या दाराला डांबर फासलेलं.

त्याच आठवड्यात ओडवारच्या मांत्रिकाने
नेम चुकून गावाचं कोठार जाळलं होतं.
पंचांनी त्याची समजूत काढली,
नवं कोठार उभं राहीपर्यंत जेवायला घातलं.
त्याच्या हातातली आग, ती विद्या.
तिच्या हातातला वारा, ते चेटूक.
माझ्या नियमांत दोन्हींचं पान एक,
दोन्हींचा खर्च तीनच गुण.
मीच लिहिलेत हे नियम,
आणि तरीही गावकऱ्यांच्या तोंडचं बोलताना
माझा आवाज किती सहज लागला!

पंच म्हणाले: आपण जाणते आहात.
जास्त काही नको.
बिल्ल्यावर हात ठेवून एवढंच म्हणा,
ही आमच्यातली नाही.

ओडवार हसला. मग थांबला.
थर्माससुद्धा रिकामा झाला होता.

आइलू मुक्या शिकाऱ्याचं सोंग घेऊन खेळतो,
तीन महिन्यांत टेबलावर बोललेला नाही.
तो म्हणाला, आमच्या घरी एक ढोल होता म्हणे.
खापरपणजोबांच्या आधीचा.
ज्याने पाद्र्याला जाऊन सांगितलं,
तो त्याआधी महिनाभर
आपलं हरवलेलं रेनडियर कुठे आहे
विचारायला येत होता.

सापडलं का? सुन्निवाने विचारलं.

सापडलं ना, आइलू म्हणाला. म्हणून तर.
मग ओडवारकडे फासा सरकवला.

फासा टेबलावरून गडगडत हीटरखाली गेला.
आम्ही चौघं-पाच जणं वाकून पाहिलं;
धूळ, एक जुना हातमोजा, आकडा दिसेना.
कारखान्याचा भोंगा झाला.
पुढच्या गुरुवारी, मी म्हणाले,
आणि सगळ्यांनी सुटल्यासारखे कोट चढवले.

किनाऱ्याने परतताना ती लांब काळी इमारत लागते,
आत एकेका नावाला एकेक खिडकी, एकेक दिवा.
लहानपणापासून पाहतोय, लक्ष जात नाही.
आज ओडवार तिथे खाली बसला,
बर्फात, गुडघ्यावर.
काय झालं, मी विचारलं.

काही नाही, तो म्हणाला.
बुटात खडा गेलाय.