किपरचे मोजे

मैदानावरून आला की प्रणेश
न्हाणीत बसून मोजे उलटे करतो.
काळे दाणे झडतात, मोहरीएवढे.
मोरीच्या जाळीपाशी थबकतात, पाण्याला दाद देत नाहीत.
कुमुद रोज चिमटीने वेचते,
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकते.
कशाला विचारलं तर म्हणते, असू दे.
डबा आता अर्ध्यावर आलाय.

ते काय आहे, हे मला कुणी सांगायला नको.
कुंभारजुव्यात पुलाच्या अलीकडे
तेवीस वर्षं माझं पंक्चरचं दुकान.
डोळे बांधून सांगेन: हा ट्रकचा, हा स्कूटरचा,
हा उन्हात पडून मेलेला.
दर महिन्याला फोंड्याहून टेम्पो यायचा,
जुने टायर तोलून न्यायचा, किलोवर.
कुठे जातात, मी कधी विचारलं नाही.
भंगार एकदा दारातून हललं
की माणूस अंगण झाडून मोकळा होतो.

आता ते परत आलेत, दळून,
पोराच्या कानात, बेंबीत, उशीच्या अभ्र्यात.

तो किपर आहे.
बाकीचे दहा धावतात, हा पडतो.
डावीकडे पडतो, उजवीकडे पडतो,
तोंडावर पडतो, थुंकतो,
पुन्हा गुडघे वाकवून उभा.
कोपर सोललं तर जखमेतही दोन-तीन ठिपके.
मी टॉर्च धरतो, कुमुद सुईने काढते.

मार्चच्या एका दुपारी मी तिथे अनवाणी उभा राहिलो.
तीनपर्यंत मोजता आलं.
हिरव्या प्लास्टिकवर हवा थरथरत होती
आणि वास माझ्याच दुकानाचा,
शटर ओढून जेवायला गेल्यावर आत कोंडतो तो.

बोस्को सर म्हणाले, बाहेरच्या देशांतही हेच घालतात.
पंचबाई म्हणाल्या, दिवे पाहिलेत का,
रात्री अकरापर्यंत लख्ख.
डॉक्टर मात्र चष्मा पुसत राहिले.
'आहे म्हणावं एवढा पुरावा नाही.
नाही म्हणावं, तर तेवढाही नाही.'
मग फी घेतली नाही.
तेव्हा मी घाबरलो.

याच जागी आम्ही खेळायचो, भात कापल्यावर.
खुंट तळव्यात घुसायचे,
चेंडू बांधावरून खाडीत जायचा
आणि मगर नाही ना बघून एस्टेव्ह उडी टाकायचा.
अंगावरचा चिखल आई विहिरीवर धुवायची,
पाणी पाटाने पुन्हा शेतात.
चिखलाला घर होतं.
या दाण्याला मी कुठल्या पत्त्यावर पाठवू?

श्रावणात मैदान तुंबलं.
गटारावर काळी साय धरली, ती मानशीकडे गेली,
दारं उघडली तशी खाजणात पसरली.
इनास म्हणतो, जाळ्याच्या गाठीगाठीत रबर अडकतं,
पण शेवटा लागतो पूर्वीसारखाच.
त्याने दोन शेवटे आणून दिले.
आम्ही खाल्ले. न खाऊन काय करणार,
शेजारी आहे.

प्रणेशला म्हटलं, सोड हे.
तो बूट पुसत होता. वर न बघता म्हणाला,
'बाबा, शेतात उडी मारताना
दगडाची भीती वाटायची.
इथे नाही वाटत.'
यावर काय बोलायचं असतं?

एवढंच केलं: टेम्पोला टायर देणं बंद.
दुकानामागे एकेचाळीस साठलेत.
त्यांत पाणी, पाण्यात अळ्या.
काल आरोग्य केंद्राची बाई आली,
टायर मोजले, डेंग्यूची नोटीस लिहून गेली.

पंख्याने नोटीस उडू नये म्हणून
कुमुदने तिच्यावर तो डबा ठेवला.
बऱ्यापैकी जड झालाय.