शून्याकडचं टोक

एकोणीस वर्षं झाली,
मोजणीच्या फितीचं शून्याकडचं टोक
माझ्याच हातात असतं.
आकडा वाचणारा पलीकडे, गाडीच्या सावलीत.
मी भिंतीला, गटाराच्या कठड्याला, कुणाच्या तरी उंबऱ्याला
अंगठा दाबून ओणवा.
लागलो होतो बदली कामगार म्हणून,
नव्वद दिवसांसाठी.

आज भांडुप, पाइपलाइनच्या अंगाला,
इनास डाबरे यांची रोपवाटिका.
विषय : तात्पुरता जागावापर व वाहने उभी करणे, फेरतपासणी.
तात्पुरता म्हणजे अकरा महिने.
अकरा महिने, पुन्हा अकरा महिने,
असे शिक्के अठरा.
डाबरे वसईहून टेम्पोत मोगरा घालून आले
तेव्हा मिशी काळी होती,
फाइलमधल्या पहिल्या फोटोत आहे.

तक्रार समोरच्या सोसायटीची.
सेक्रेटरी विसरिया गॅलरीतूनच बोट दाखवतात :
तो बघा टेम्पो, ती रिक्षा, रविवारी तर बारा बारा गाड्या,
आमच्या गेटातून माणूस आडवा निघतो!
सही घ्यायला मी वर गेलो.
जिन्यात तुळस, मनी प्लांट, दोन अरेका पाम,
प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या रंगात, डाबरे.

तळवटकर मॅडम नव्या. बूट नवे, फीतही नवी,
आकडे अजून पिवळेजर्द.
'परवानगी दोन वाहनांची. उभी किती?'
'दोनच. तिसरा चालत नाही, मॅडम.'
तिसऱ्याच्या हौद्यात अबोली लावलेली,
चाकांच्या जागी विटा,
स्टिअरिंगवर गोकर्णीचा वेल,
हात न दाखवता उजवीकडे वळलेला.
मॅडम बराच वेळ पेन धरून उभ्या.
वाहन म्हणावं, का कुंडी?
आमच्या नमुन्यात तिसरा रकाना नाही.

अट क्रमांक सात :
रोपे फक्त पिशवीत अथवा कुंडीत ठेवावीत.
जमिनीत काहीही लावू नये.

फीत ओढत मी मागच्या कुंपणाशी गेलो.
परवान्यात लांबी साडेअठरा मीटर.
तिथे एक काळी पिशवी, विरलेली,
आणि तिच्यातून वर गेलेला सीताअशोक,
माझ्या दीडपट.
वाटेत येते म्हणून पिशवी उचलायला गेलो
तर पिशवीच हातात आली.

डाबरे मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.
'एका बाईंनी पसंत केलं होतं,' हळूच म्हणाले,
'पैसेही दिले, वीस रुपये सुटे नव्हते त्यांच्याकडे.
उद्या गाडी पाठवते म्हणाल्या.
मग मी विकलं नाही.'
कुठल्या वर्षी, मी विचारलं नाही.
त्यांनीही टोपी काढून पुन्हा घातली.

'काय आहे तिकडे?' मॅडम ओरडल्या.
'कुंपण,' मी म्हटलं.
पिशवीचा चुरगाळा खिशात घातला,
अंगठा खोडाला टेकवला, अलीकडच्या बाजूने,
आणि शून्य धरलं.
साल खरखरीत होती, थोडी ओली.

'अठरा चाळीस!'
लिहिलं गेलं.
दहा सेंटिमीटर कमी भरली जागा,
कुणाची हरकत नव्हती त्याला.
मोजलेल्या क्षेत्रात जमिनीत लावलेले काही आढळले नाही.
वाहने दोन.
पुढील तपासणी अकरा महिन्यांनी.

फीत सोडली की ती सरसरत मालकाकडे जाते,
मी तिच्यामागून चालत फाटकापर्यंत आलो.
विसरिया खाली उतरले होते.
स्कूटर फाटकातच आडवी लावून,
इंजिन चालू ठेवून विचारत होते,
'डाबरे, शेणखत आलं का?'