उसनी मी

नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता:
ती ‘मी’ म्हणाली, की तूही ‘मी’च म्हणायचंस.
‘ती म्हणते की’ असं मध्ये घालायचं नाही.
तू खोलीत नाहीस असं धर.

तर, दर बुधवारी साडेतीनला
बारी शहरात, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर मी नसते.
खाली कानशीची करकर,
वर तीन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा
आणि त्सियाला, चियातुराची, वय छप्पन्न,
कोट न काढता बसलेली.

ती जॉर्जियनमध्ये म्हणते, मी इटालियनमध्ये:
मला झोप येत नाही.
सिन्योरा पिनुच्चा एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत,
मी त्यांच्याच खोलीत निजते,
त्यांचा श्वास मोजते. सहा वर्षं झाली.
अडखळला, की उठून बसते.
घरी पैसे वेळेवर जातात.
(हे ती दोनदा म्हणते. म्हणून मीही दोनदा.)

डॉक्टर लोरेदाना विचारतात, आणि तुमचा श्वास?
ते मी पलीकडे नेते.
त्सियाला माझ्याकडे बघते, जणू मीच विचारलं.

पहिले चार बुधवार ती फक्त गुडघ्याबद्दल बोलली.
पाचव्या बुधवारी:
आईच्या मातीला मी गेले नाही. कागद नव्हते.
फोनवर बघितलं, न्हाणीघरात, नळ सोडून,
सिन्योरांना ऐकू जाऊ नये म्हणून.
पुतण्याने फोन धरला होता,
त्याचा हात थरथरत होता, त्यामुळे
मला जास्त करून आभाळच दिसलं
आणि कुणाचे तरी बूट.
मग नळ बंद केला. सूप गाळलं.

हे सगळं मी ‘मी’ लावून म्हटलं.
आवाज सरळ ठेवला. त्याचेच तर पैसे मिळतात,
तासाला अठरा युरो.

माझी आई जिवंत आहे. कुताइसीत.
रविवारी मिनीबस सुटतात त्या मैदानावरून
मी तिला खोकं पाठवते: ऑलिव्हचं तेल, धुण्याची पावडर,
पायांना चोळायचं मलम.
खोक्यात मावत नाही ते फोनवर सांगत नाही.
तीही सांगत नाही. आमचं बरं चाललंय.
अकरा वर्षं बरं चाललंय.

मला वाटलं, डॉक्टर आता गोळ्या लिहून देतील,
समुद्रावर फिरायला जा म्हणतील.
त्यांनी विचारलं, ते बूट कुणाचे होते?

बराच वेळ खालची कानसच ऐकू येत राहिली.
मग त्सियाला म्हणाली, भावाचे.
मीच पाठवले होते इथून. दोन नंबर मोठे निघाले,
पुढे कागद कोंबून घातले असणार त्याने.
आणि हसली. हसता हसता जे सुरू झालं
त्याला दुभाषी लागली नाही.

एक शब्द मात्र अडला.
निघताना डॉक्टरांचा हात धरून ती म्हणाली, गेनात्सवाले.
डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या.
आमच्याकडे भाजीवालीसुद्धा म्हणते हे, उठता-बसता:
तुझी इडापिडा मला लागो, तुझ्या जागी मी होते.
मी इटालियनमध्ये म्हटलं, ‘आभारी आहे’.
जाणूनबुजून केलेली माझी पहिली चूक.

आता त्सियाला आल्या आल्या कोट खुंटीला लावते.
झोप? कधी चार तास, कधी तेवढीही नाही.
पण सिन्योरांच्या लेकीला तिने सांगितलं,
गुरुवारी रात्री तुम्ही या, मी माझ्या खोलीत निजेन.
हे वाक्य तिने आधी इथे
माझ्या तोंडून तीनदा ऐकून घेतलं होतं.

मागच्या बुधवारी जिना उतरून मी परत वर गेले.
छत्री राहिली, असं सांगायचं ठरवलं होतं.
दार डॉक्टरांनीच उघडलं.
मी म्हटलं, मी...
आणि थांबले, सवयीने,
आधी कुणीतरी बोलेल म्हणून.