डबल बेल

एकतीस वर्षं मी दोरी ओढली.
एक टोला : थांब.
दोन टोले : चल.
हिंगोली–औंढा, हिंगोली–कळमनुरी, मुक्कामी सेनगाव.
कुठं थांबायचं, कुठून निघायचं, सगळं माझ्या मनगटात.
चालवायचं मात्र दुसऱ्यानं.

जावयानं देऊन टाकलेली अल्टो दारात उभी होती.
तिच्याखाली कोंबड्या सावलीला बसायच्या.
बायको म्हणाली, कोंबड्यांसाठी घेतली का?

म्हणून सकाळी सहाला रामलीला मैदान.
शिकवायला नुसरत, इनायत ड्रायव्हरची धाकटी.
तिच्या पायाखाली जादा ब्रेक.
माझ्या पायाखाली तीन पेडल,
आणि पाय दोनच.

चावी फिरवली की आधी तळहात भिजतात.
मग कान बंद होतात, विहिरीत बुडी मारल्यासारखे.
जीभ म्हणजे चिल्लरच्या बॅगेचं चामडं.
आरशात बघावं तर मागं चौपन्न माणसं,
कडेवरची लेकरं, डब्यातलं तूप, बोचकंवाली म्हातारी,
सगळी माझ्या मानेकडं बघत बसलेली.
आरसा पुसून बघतो :
रिकामी सीट, तिच्यावर माझीच टोपी.
एक हात आपोआप वर जातो, छताशी चाचपतो.
‘काका, वर काय हुडकायलाव?’

नवव्या दिवशी कयाधूच्या पुलाआधी, चढावर,
गाडी बंद पडली.
मागं हळदीचा ट्रॅक्टर, त्याच्यामागं टमटम,
त्याच्यामागं मला दिसत नव्हतं काय काय.
भोंगा. भोंगा. भोंगा.
कोणता पाय कुणाचा, कळेना.
छातीत कुणीतरी आतून दारावर थापा मारत होतं :
स्टॉप गेला माझा, अहो, स्टॉप गेला!
मी म्हणलं, नुसरत, तू घे.

तिनं घेतली नाही.
ब्रेक तेवढा दाबून धरला,
खिडकीतून हात काढून ट्रॅक्टरवाल्याला दाखवला
आणि समोर बघतच म्हणाली,
‘अब्बाचे बी हात भिजायचे.
मांडीवर पंचा कामून ठेवायचे, वाटलं तुम्हाला?’

अकरा वर्षं मी त्या माणसाच्या मागं उभा होतो.
पंचा उन्हासाठी आहे, असंच समजत होतो.
जानेवारीतसुद्धा.

‘म्हणायचे, एक टोला पडला
की दोन टोले पडूस्तोर मला काई करायचं नाही.
तेवढा वेळ माझा.’

मी डॅशबोर्डवर बोटानं वाजवलं. एकदा.
ट्रॅक्टर कोकलतोय, कोकलू दे.
चौपन्न माणसं खोळंबलीत, खोळंबू देत.
म्हातारी अजून पायरीवर आहे,
तिचं बोचकं खाली द्यायचं राहिलंय,
ती उतरल्याशिवाय कुणाच्या बापाची गाडी हलत नाही.
माझा श्वास तसाच उतरला,
आधी एक पाय, मग दुसरा,
दांडा धरून, बडबडत.

काचेवर हळदीची पिवळी धूळ बसली होती.
पुलाखाली पाणी नव्हतं, नुसत्या बाभळी.
हात ओलेच होते.
दोनदा वाजवलं.
गाडी थरथरली, कण्हली,
पुढं सरकली,
मी ओरडलो का हसलो, आठवत नाही.
पूल अर्धा झाला तेव्हा नुसरत म्हणाली,
‘काका, हँडब्रेक काढा आता.’

रात्री खुंटीवरचा पंचा काढला,
घडी करून उद्याच्या कपड्यांवर ठेवला.
बायकोनं विचारलं, इतक्या सकाळी ऊन लागतंय का?
हाव, म्हणलं.
लई लागतंय.